वाटसरूचं ताट

‘ऑडियन्स’ हा शब्द आमच्या घरात आणला माझ्या धाकट्या दिरानं, आणि तो शब्द ऐकला की अजून माझ्या तोंडाची चव जाते. आधीच सांगून ठेवते, मी काही फोन बघून बिचकणारी बाई न्हाई. बिदरला नौबादमधे राहते, ब्लॉग माझा मीच सुरू केला, फोटो टाकायला, अक्षर मोठं करायला माझी मीच शिकले. तेव्हा कुणी असं म्हणू नये की हिला काही कळत न्हाई म्हणून ही बोटं मोडायलीय. कळतं म्हणूनच शिसारी येते.

ब्लॉगवर मी आमच्याकडचं लिहायचे. आम्ही सीमेवरची माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि डोकं फिरलं की दखनी. पुण्याची माणसं आमच्या मराठीला हसतात आणि बंगळुरूची माणसं आमच्या कन्नडला. मग मी म्हटलं, हसा बापडे, मी माझ्या बोलीत माझ्या चुलीवरचं लिहिते. अंबील, उंडे, धपाटे, सणावाराला काय करतात, कामून म्हणजे कशासाठी करतात. वाचणारे मूठभर होते. त्यातली एक ठाणाकुशनूरची, लग्न होऊन सुरतेला गेलेली. ती मला लिहायची, ‘अक्का, आमच्याकडं अंबिलीत लसूण घालत न्हाईत, तुमी कामून घालता?’ त्या लसणावरून आमचं लई दिवस चाललं. शेवटी तिनं लसूण घालून बघितला आणि मला कळवलं की नवऱ्याला आवडला, तिला न्हाई. अशी माझी वाचकं. मी सुखात होते.

तेवढ्यात भाऊजी हैदराबादहून कोर्स करून आले. भाऊजी म्हणजे हाच माझा दीर. बिदरात एका मोबाइलच्या दुकानावरची खोली घेतली, बाहेर पाटी लावली, आणि गिऱ्हाईक कुणी येईना म्हणून माझ्या ब्लॉगकडं वळले. सगळं वाचून काढलं, मान हलवली आणि म्हणाले, चांगलं लिहायलाव वैनी, पण कुणासाठी लिहायलाव? मी म्हटलं, जो वाचेल त्याच्यासाठी. त्यावर ते असं हसले की जसं मी अंगणवाडीतलं लेकरू आहे.

मग त्यांनी एक बाई बनवली. बनवली म्हणजे मनानंच. ती पुण्यात राहते, नोकरी करते, गुडघे दुखतात, स्वयंपाकाला वेळ न्हाई, आईच्या हातचं आठवून डोळ्यांत पाणी येतं. ही म्हणे तुमची वाचक, आता हिच्या दुखण्यावर बोट ठेवून लिहायचं. मी विचारलं, सुरतेची आहे की जितीजागती, तिचं काय? तर म्हणाले, तसल्या थोड्या आहेत, त्यांच्यावर काही उभं राहत न्हाई. म्हणजे खरी बाई चालत न्हाई आणि न जन्मलेली चालते! मी कपाळाला हात लावला. पण आमच्या घरच्यांनी, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावानं, माझ्या नवऱ्यानं, पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, करू दे की, त्याचाही जीव रमतो.

जीव रमला तो असा. ‘अंबील कशी करावी’ या माझ्या साध्यासुध्या लेखाचं नाव झालं, ‘डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत असं पेय’. अग्गं बाई! आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या घरचीच अंबिलीला पीठ माझ्याकडून नेते. उंड्यांचा लेख वाचायचा तर आधी आपला ईमेल द्या, मग लेख उघडणार. ज्या पदार्थासाठी आमच्याकडं शेजारणीला हाक मारून वाटीभर देतात, त्याच्या दारात ह्यांनी चौकीदार बसवला. फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. सोमवारी रेसिपी, शुक्रवारी टिप, आणि बुधवारी, ऐका, बुधवारी भावनिक. मी म्हटलं, भाऊजी, मला बुधवारी भावना आलीच न्हाई तर? ते म्हणाले, तुमी काळजी करू नका वैनी, भावना मी शूट करून आणतो.

थट्टा वाटली मला. थट्टा नव्हती.

आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस असते. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात आणि सगळी माणसं रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करायची, त्यात चुना लावलेले दगड मांडून पूजा करायची, अंबील रानभर शिंपडायची, आणि मग झाडाखाली बसून भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, खीर. आमची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे हिरवे दाणे, मिळेल ती पालेभाजी, चिंच, बेसन, सगळं एका हंड्यात शिजतं. आणि एक रीत आहे. रानाकडेच्या वाटेनं जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. कोण, कुठला, विचारायचं न्हाई. आणि जेवू घातल्याचं नंतर कुठं बोलायचं न्हाई. ज्यांना स्वतःचं रान न्हाई त्यांचीही येळवस अशी होते.

माझी सासू, तिला आम्ही अव्वा म्हणतो, राजेश्वरला राहते आणि रान अजून तीच बघते. येळवशीला पहिलं ताट ती वाढते ते वाटसरूसाठी. ताट झाकून ठेवते, स्वतः बांधावर जाऊन उभी राहते. आणि दरवर्षी वाटसरू तोच यायचा.

ते अण्णा. आमच्या शेजारच्या रानाचे पूर्वीचे मालक. बायको गेली, गुडघे गेले, मुलाला कलबुर्गीत सरकारी नोकरी लागली, तेव्हा रान विकून ते मुलाकडं गेले. त्या रानात आता ढाबा आहे आणि ट्रक थांबतात. अण्णांना कशाची ददात न्हाई. मुलगा चांगला, सून चांगली, घर दुमजली. पण येळवशीला माणसानं जायचं कुठं? दुमजली घराच्या गच्चीवर कोप करता येत न्हाई. म्हणून दरवर्षी त्या दिवशी ते सकाळीच एसटी धरायचे, हुमनाबादला गाडी बदलायचे, राजेश्वरला उतरायचे आणि स्वच्छ धोतर, डोक्याला रुमाल अशा थाटात आमच्या बांधाच्या वाटेनं चालत यायचे. जसं काही सहज निघालेत.

अव्वा हाक मारायची, या अण्णा, जेवून जावा. ते थांबून म्हणायचे, न्हाई अक्का, जरा पलीकडं काम हाय. ती म्हणायची, काम कुठं पळून जायलंय, दोन घास खावा. मग ते आकाशाकडं बघायचे, उन्हाचा अंदाज घ्यायचे, आणि तुमी म्हणायलाव तर, असं म्हणत वहाणा काढायचे. दरवर्षी तेच बोलणं, शब्द न शब्द तोच. आम्ही सगळे मान खाली घालून हसू दाबायचो. त्यांना बोलावणं कधी धाडलं न्हाई, कारण बोलावलं तर ते रान विकलेले अण्णा होतात. वाटेनं चाललेला माणूस मात्र कुणाचं काही देणं लागत न्हाई. जेवून झालं की ते हात धुऊन बांधाबांधानं एक चक्कर मारायचे, आमच्या ज्वारीचं कणीस दाबून बघायचे, दाणा भरायलाय बरं का, असं सांगायचे आणि निघून जायचे.

त्या वर्षी भाऊजी ट्रायपॉड घेऊन रानात आले. मी त्यांना बजावून सांगितलं होतं, ताटं घ्या, हंडा घ्या, कोप घ्या, माणसं घेऊ नका. व्हय व्हय म्हणाले. अण्णा आले, नेहमीचं बोलणं झालं, ते बसले, अव्वानं ताट पुढं केलं, त्यांनी पहिला घास तोंडात घातला. आणि हा बाबा झाडाआडून पुढं आला. म्हणाला, उजेड मागून यायलाय, तोंड काळं दिसायलंय, तेवढं ताट अव्वाला परत द्या आणि पुन्हा घ्या, जरा वाकून घ्या.

मी पळी खाली ठेवली. मी म्हटलं, भाऊजी, पुरे. ते म्हणाले, एकच मिनिट. आणि अण्णांनी, तोंडात घास असताना, ताट उचलून अव्वाच्या हातात दिलं आणि वाकून परत घेतलं. दुसऱ्याच्या रानात बसलेला माणूस, न्हाई कसं म्हणणार? जेवणाऱ्यासमोर आवाज चढवायचा न्हाई असं अव्वाचं आहे. तिनं फक्त त्यांच्या ताटात आणखी एक उंडा वाढला. अण्णा त्या वर्षी चक्कर न मारता गेले.

मला वाटलं, भाऊजींना नंतर घरी सुनावू आणि विषय संपेल. पण तो बुधवार होता. त्यांच्या तक्त्यातला भावनिक बुधवार. आम्ही नौबादला येऊन भांडी उतरवायलो तोवर व्हिडिओ माझ्या ब्लॉगच्या पानावर चढला होता. वर लिहिलेलं, ‘भुकेल्या म्हाताऱ्याला या माउलीनं जवळ बोलावलं… शेवट बघून रडाल’. खाली रडकी बासरी. अण्णांचं वाकणं हळू करून दाखवलेलं, त्यांचा ताट धरलेला हात जवळून. रान न्हाई, कोप न्हाई, येळवस हा शब्दसुद्धा कुठं न्हाई. पुण्याच्या त्या न जन्मलेल्या बाईला येळवस काय कळणार, म्हणून काढून टाकला म्हणे.

लोकांनी तो बघितला. किती बघितला ते भाऊजी दर घटकेला येऊन सांगायचे, डोळे चमकायचे त्यांचे. मी व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचत बसले. हात जोडलेल्या चिन्हांच्या रांगा. माणुसकी जिवंत आहे. बाबांचा नंबर द्या, पैसे पाठवतो. आणि मग त्याहून घाण. याची मुलं कुठं मेलीत? असल्या मुलांना भर चौकात उभं केलं पाहिजे. ज्यांनी जन्मात कुणाला हाक मारून जेवायला बसवलं नसेल ती माणसं अण्णांच्या मुलाला शिव्या घालून पुण्य कमवायली होती. सुरतेच्या माझ्या बाईनं एवढंच लिहिलं, ‘अक्का, ही येळवस न्हवं का? मग असं कामून लिहिलंय?’ तिचं ते वाक्य त्या गर्दीत खाली खाली गेलं आणि दिसेनासं झालं.

भाऊजी म्हणाले, झाला बघा वैनी ऑडियन्स तयार, आता ह्याला टिकवायचं. टिकवायचं म्हणजे काय, तर पुढचा भाग. कलबुर्गीला जाऊन अण्णांना शोधायचं, ‘तो म्हातारा आज कसा आहे’ असं दाखवायचं, घोंगडी देताना शूट करायचं. दुमजली घरातल्या माणसाला घोंगडी! मी असं काही बोलले त्या दिवशी की ते इथं लिहीत न्हाई. दखनीत बोलले एवढं सांगते. आमच्या घरच्यांनी पेपर खाली ठेवला.

मग अण्णांच्या मुलाचा फोन आला. ऑफिसात कुणीतरी त्याला व्हिडिओ दाखवला होता, तुझे वडील का रे, असं विचारलं होतं. मला वाटलं आरडाओरडा करेल. केला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, ‘वैनी, माझ्या बापाला घरी जेवायला मिळत न्हाई असं तुमी जगाला सांगितलाव. त्यांनी बघितलंय ते. तेव्हापासून ते खोलीतून बाहेर यायना झालेत.’ ब्लॉगवर नाव माझं होतं.

मी बसून व्हिडिओ पानावरून काढून टाकायला लावला. काढला तर पानाचं नुकसान होतं, सगळी मेहनत पाण्यात जाते, असं भाऊजी तोंड पाडून सांगत होते. मी म्हटलं, जाऊ दे, बुडू दे. पानाची किल्ली मी माझ्या हातात घेतली. पण तोवर कुणीकुणी तो उचलून आपापल्या पानावर लावला होता. एकानं जागा बदलून कुठल्यातरी यात्रेतला म्हणून लावला, एकानं अण्णांच्या तोंडी शब्द घातले. मी एकेकाला लिहीत सुटले. कुणी दाद दिली न्हाई. एकानं तर मलाच समजावलं की ताई, चांगली गोष्ट पसरवायला पाहिजे.

अव्वाकडं साधा फोन आहे. तिला गावातल्या पोरींनी दाखवलं. तिनं मला फोन करून एकच विचारलं, त्यो पुढच्या येळवशीला येईल न्हवं? मी म्हटलं, आपण कलबुर्गीला जाऊ, पाया पडू, बोलावून येऊ. ती म्हणाली न्हाई. बोलवायला गेलो तर मग कायमचंच झालं. मग तो बोलावलेला माणूस होईल, आणि ज्या वाटेनं तो मान वर करून यायचा ती वाट त्याला उरायची न्हाई. आपण काही बोलायचं न्हाई, ताट वाढून ठेवायचं, तो आला तर सगळं धुऊन निघालं असं समजायचं. ते वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भाऊजी दिसले की मी भांडी आपटायचे. ते माफी मागायचे व्हय, पण त्यातही म्हणायचे, हेतू चांगला होता वैनी.

पुढची येळवस आली. भाऊजींना मी घरूनच सांगितलं, फोन खिशातून निघाला तर याद राखा. अव्वानं पहाटेपासून हंडा चढवला होता. पूजा झाली, अंबील शिंपडून झाली, पहिलं ताट वाढून तिनं झाकलं आणि बांधावर जाऊन उभी राहिली. सगळ्यांची नजर ढाब्याकडच्या वाटेवर होती. ऊन वर चढायलं. मी मनात म्हणायले, येऊ दे रे बाबा, एवढं कर.

आणि आले. तेच धोतर, तोच रुमाल, चाल जरा मंद. माझा जीव भांड्यात पडला. अव्वाच्या पाठीकडं बघूनच मला कळलं की तीसुद्धा हसायलीय. तिनं हाक मारली, या अण्णा, जेवून जावा. आवाज जरा जास्तच मोठा निघाला तिचा.

अण्णा थांबले. नेहमीसारखे थांबले. तोंड उघडलं, आणि त्यांची नजर अव्वाच्या खांद्यावरून मागं गेली. मी वळून बघितलं. कोपेपाशी भाऊजी उभे होते आणि त्यांच्या हातात फोन होता, आडवा धरलेला. नंतर ते शपथा घेऊन सांगायचे की ते नुसता ज्वारीचा फोटो घ्यायले होते. असतील. माझा विश्वास बसतो सुद्धा. पण अण्णांना लांबून ज्वारी दिसली न्हाई, फोन दिसला.

अण्णांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, ‘जेवून आलोय, अक्का.’

येळवशीला आमच्याकडचा माणूस रानात पूजा होण्याआधी घास खात न्हाई. अव्वाला ते ठाऊक, त्यांना ठाऊक, तिथं उभ्या लेकरालाही ठाऊक. काम हाय म्हणाले असते तर अव्वानं ओढून आणलं असतं, ते बोलणं तर ठरलेलंच होतं. पण जेवून आलोय म्हणणाऱ्याला पुढं काय म्हणायचं, हे कुणी आम्हाला शिकवलेलं न्हाई. अण्णा वळले आणि आल्या वाटेनं परत चालायला लागले. म्हणजे पलीकडचं काम हेच होतं, इथपर्यंत येणं. कलबुर्गीहून दोन एसट्या करून आलेला माणूस उपाशी परत चालला होता. ज्यानं जन्मभर शेजारचं रान कसलं त्याला आमच्या कणसाला हात लावायची सोय आम्ही ठेवली न्हाई.

ते ढाब्याच्या वळणाला दिसेनासे होईस्तोवर अव्वा बांधावर उभी होती. मग ती परत आली. झाकलेलं ताट उचललं, वरचं झाकण काढलं, आणि सरळ भाऊजींपुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता ताट फेकेल. तिनं दोन्ही हातांनी ते पुढं केलं, अण्णांना द्यायची तसंच.

‘घे, जेव,’ ती म्हणाली. ‘ह्या रानात उपाशी तूच हायस.’

भाऊजींनी एका हातानं ताट घेतलं. दुसऱ्या हातात फोन होता. घास उचलायला हात मोकळा नव्हता, आणि फोन खाली ठेवावा हे त्यांना सुचेना. अव्वा आम्हाला वाढायला बसली.